निवडीचे गणित मांडणारा जॉर्ज बूल
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढली, मधला सामाईक भाग खडूने भरला आणि खाली एक नाव लिहिले : जॉर्ज बूल. परीक्षेत टीप येण्याचा संभव आहे, एवढ्याच हेतूने मी ते नाव वहीत उतरवून घेतले. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत खते-बियाण्यांच्या एका घाऊक दुकानात संगणकावर नोंदी करण्याचे काम मिळाले, आणि तेथे हे नाव मला पुन्हा भेटले. भेट जरा अपमानाच्या वाटेने झाली, म्हणूनच ती लक्षात राहिली असावी.

दुकानातल्या प्रत्येक बिलाची संगणकात एक ओळ असते. ओळीत रकाने असतात : गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तालुका, माल, रक्कम, जमा की बाकी. अशा हजारो ओळींतून हव्या तेवढ्याच समोर आणायच्या तर अट घालावी लागते. या सोयीला फिल्टर म्हणतात. आमची आई पीठ चाळते त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की येथे चाळणीची भोके आपणच शब्दांनी पाडायची असतात. एके दिवशी मॅनेजर साहेबांनी शिरोळ आणि हातकणंगले या तालुक्यांची येणी काढायला सांगितली. मी मुकाट्याने अट घातली : तालुका शिरोळ असावा, आणि तालुका हातकणंगले असावा. पडदा कोरा! एकही ओळ नाही. दोन तालुक्यांची सगळी उधारी मीच बुडवली आहे अशा नजरेने साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि कॉलेजात जाणाऱ्यांविषयी चार गिऱ्हाइकांसमोर जे बोलायचे ते बोलून घेतले. शेजारी गोणी मोजणाऱ्या मुलाने हळूच सुचवले की आणि काढून किंवा घाल. घातले, आणि यादी झरझर खाली आली.

बोलताना जे आणि असते ते यंत्रात किंवा का होते? या एका प्रश्नासाठी मी बूल यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि प्रश्न बाजूला राहून त्या माणसाच्याच आयुष्यात गुंतलो.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल हे जोडे शिवणारे. आई लग्नाआधी एका मोठ्या घरी बाईसाहेबांच्या चाकरीत होती. वडिलांचा धंदा फारसा कधी चाललाच नाही, कारण त्यांचे मन चामड्यापेक्षा भिंगांत जास्त. ते स्वतः दुर्बिणी बनवीत, आणि दुकानाच्या खिडकीत पाटी लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश पाहायला बोलावीत. अशा दुकानात जोड्यांची बाकी किती वसूल होत असेल याची कल्पना मला आता बऱ्यापैकी करता येते. पण मुलाला गणिताची पहिली ओळख याच वडिलांनी करून दिली.

जॉर्जचे शालेय शिक्षण साध्या शाळांतच संपले. लॅटिनचा आरंभ गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या मदतीने झाला. ग्रीक त्याने आपले आपण शिकून घेतले. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले. वडिलांनी ते अभिमानाने स्थानिक वर्तमानपत्रात छापवून आणले. त्यावर एका शाळामास्तराने जाहीर शंका घेतली की एवढ्या वयाच्या मुलाकडून असे काम होणे शक्य नाही. चांभाराच्या मुलाला ग्रीक येते यावर विश्वास बसणे जड गेले असावे. आमच्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली गेली आहे, त्यांना हा मास्तर ओळखीचा वाटेल.

सोळाव्या वर्षी, १८३१ मध्ये, घरचा भार जॉर्जवर आला. धाकट्या भावंडांसह सगळ्यांचे पोट भरण्यासाठी त्याने डॉंकॅस्टर येथे एका शाळेत सहायक शिक्षकाची नोकरी धरली. तेथेच त्याने उच्च गणिताला हात घातला. त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. पुस्तके विकत घ्यायला पैसे थोडे, आणि गणिताचे पुस्तक वाचून संपायला इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त वाचन! लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाचे कलनशास्त्र त्याने असेच एकट्याने, अडत-ठेचकाळत पुरे केले. त्या धार्मिक वातावरणाच्या शाळेत रविवारीसुद्धा हा मास्तर गणिते सोडवतो अशी तक्रार झाली आणि ही नोकरी गेली, असे सांगतात.

१८३४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने लिंकनला स्वतःची शाळा काढली. मी आज त्याच वयाचा आहे, आणि परवा बँकेत खाते उघडताना सही कुठे करायची हे मला दोनदा विचारावे लागले. त्याच सुमारास गावात कारागिरांसाठी एक संस्था निघाली होती. तिच्या ग्रंथालयाची व्यवस्था वडिलांकडे आल्यामुळे मुलाला पुस्तकांचे दार उघडले. १८३५ च्या फेब्रुवारीत याच संस्थेत त्याने न्यूटनवर व्याख्यान दिले. पुढेही या गावाशी त्याचे नाते केवळ शाळेपुरते राहिले नाही. दुकानांतल्या नोकरांना रात्री उशिरापर्यंत राबावे लागू नये म्हणून जी चळवळ झाली तिच्यात तो होता, आणि त्या नोकरांसमोर मोकळ्या वेळेचा उपयोग या विषयावर त्याने १८४७ मध्ये भाषणही दिले. (आमचे दुकान रात्री नऊला बंद होत असे. हे भाषण मी साहेबांना वाचून दाखवले नाही.)

पुढची पंधरा वर्षे शाळा चालवणे, आईवडिलांना सांभाळणे आणि रात्री गणित करणे यांत गेली. केंब्रिजहून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकात बूल यांचे लेख येऊ लागले. तिचे संपादक डंकन ग्रेगरी यांच्याशी ओळख झाली. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असा विचारही मनात येऊन गेला. पण शाळा बंद केली तर घरी चूल कशी पेटणार? तो बेत तेथेच राहिला. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या एका निबंधाला सुवर्णपदक दिले. पदवी नसलेल्या एका खेड्यावजा गावच्या मास्तराला.

आता मूळ गोष्ट. १८४७ च्या सुमारास स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचे गणिताचे प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रातील एका शोधाच्या मानावरून वाद पेटला होता. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, म्हणजे १८०६ साली मदुराईला जन्मलेले. वडील कंपनीच्या लष्करात होते. बूल यांची त्यांच्याशी मैत्री होती. वाद वाचता वाचता बूल यांच्या डोक्यात जुना विचार पुन्हा जागा झाला आणि त्यांनी त्याच वर्षी तर्काच्या गणितावर एक छोटे पुस्तक लिहून काढले. त्याचाच विस्तार पुढे १८५४ च्या मोठ्या ग्रंथात झाला. विचाराच्या नियमांचा शोध हा त्याचा विषय.

अॅरिस्टॉटलपासून तर्कशास्त्र विधानांचे होते : सर्व मनुष्य मर्त्य आहेत, वगैरे. बूल यांनी त्याच्याही मागे जाऊन पाहिले. विधान करण्यापूर्वी मन काय करते? तर निवडते. जगातल्या साऱ्या वस्तूंच्या ढिगातून ते काही उचलते आणि बाकीच्या सोडून देते. या निवडण्याच्या क्रियेलाच त्यांनी चिन्ह दिले. समजा, क्ष म्हणजे पांढऱ्या वस्तू निवडणे आणि य म्हणजे मेंढ्या निवडणे. आधी मेंढ्या निवडून त्यांतून पांढऱ्या काढल्या, किंवा आधी पांढऱ्या वस्तू वेगळ्या करून त्यांतून मेंढ्या काढल्या, तरी हाती पांढऱ्या मेंढ्याच येतात. म्हणून क्षय = यक्ष, अगदी गुणाकारासारखे. सगळे जग म्हणजे १, काहीच नाही म्हणजे ०, आणि क्ष सोडून बाकी सगळे म्हणजे १ − क्ष.

एक नियम मात्र शाळेतल्या बीजगणितात बसत नाही. पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या निवडल्या तर काय मिळणार? त्याच. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. साध्या आकड्यांत हे फक्त ० आणि १ यांनाच लागू पडते, आणि बूल यांचे सारे बीजगणित या दोन आकड्यांवर उभे राहिले. (मराठीत पांढरी पांढरी मेंढी म्हटले की ती थोडी जास्त पांढरी वाटते. पण तो व्याकरणाचा भाग झाला.) याच नियमातून क्ष(१ − क्ष) = ० हे येते : एकच वस्तू क्ष आहे आणि क्ष नाही, असे कधी होत नाही.

हे वाचताना माझा कोरा पडदा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी घातलेली अट म्हणजे गुणाकार होता. तालुक्याच्या एका रकान्यात एकच नाव असते. शिरोळच्या ओळींतून हातकणंगलेच्या ओळी निवडायला सांगितल्यावर संगणकाने इमानदारीने शून्य दाखवले. त्याचे काही चुकले नव्हते. आणि गंमत अशी की बोलण्यातल्या आणि या शब्दाचा घोळ बूल यांनी पुरता ओळखला होता. स्त्रिया आणि पुरुष असे आपण म्हणतो तेव्हा दोन गट एकत्र करतो. ती बेरीज आहे. पांढऱ्या मेंढ्या म्हणतो तेव्हा आणि हा शब्द उच्चारतही नाही, पण तेथे गुणाकार असतो. साहेबांचे आणि बेरजेचे होते, मी ते गुणाकाराचे केले. पुढे जेव्हन्स या तर्कशास्त्रज्ञाने बूल यांच्या बेरजेत एक दुरुस्ती केली. बूल यांची बेरीज ज्या गटांत काहीच सामाईक नाही त्यांच्यासाठीच होती. सामाईक वस्तू असली तरी ती एकदाच धरावी, हे जेव्हन्स यांनी सुचवले. आजच्या फिल्टरमधला किंवा हा असाच असतो. दोन्ही अटींत बसणारे गिऱ्हाईक यादीत दोनदा येत नाही.

दुसरी चूक मी पुढच्याच आठवड्यात केली. या वेळी हे दोन तालुके वगळून बाकीची यादी हवी होती. शहाणा झालेल्या मी लिहिले : तालुका शिरोळ नसावा, किंवा हातकणंगले नसावा. साऱ्या ओळी जशाच्या तशा राहिल्या, कारण शिरोळची ओळ हातकणंगलेची नसतेच. नकार द्यायचा झाला की किंवा जाऊन आणि यावे लागते. हा नियम डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.

तिसरी चूक सूक्ष्म होती आणि तिचे उत्तर बूल यांच्या नियमांत सरळ मिळत नाही. दहा हजारांवर येणी असलेली गिऱ्हाइके काढायची होती. मी आधी दहा हजारांवरची बिले गाळून घेतली आणि मग गिऱ्हाईकवार बेरीज केली. त्यामुळे चार-चार हजारांची पाच बिले थकवणारा माणूस यादीतून सुटला. आधी बेरीज, मग अट, असे हवे होते. दोन निवडींचा क्रम बदलला तरी चालतो. पण त्यांच्यामध्ये बेरीज आली की क्रमाला किंमत येते. येण्याजाण्याचे अहवाल काढणाऱ्या सर्व साधनांत ही जागा फसवी आहे.

पुन्हा बूल यांच्याकडे वळतो. आयर्लंडमध्ये सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे तीन नवी कॉलेजे काढली होती. तेथील प्राध्यापकपदासाठी बूल यांनी १८४६ मध्ये अर्ज केला. आपण कोणत्याही विद्यापीठाचे नाही, कॉलेजात कधी शिकलो नाही, हे त्यांनी अर्जात स्वतःच स्पष्ट लिहिले. तीन वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वडील ती पाहायला राहिले नव्हते. ते १८४८ च्या डिसेंबरात वारले. मी येथे बराच वेळ थांबलो. उमेदवार पदवीधर असावा, एवढी एकच अट निवड करणाऱ्यांनी यंत्रासारखी लावली असती तर पहिल्याच चाळणीत हा माणूस खाली पडला असता, आणि तो पडला हे कोणाला कळलेही नसते. फिल्टर फक्त उरलेले दाखवतो, गेलेले दाखवत नाही.

बूल कॉर्कला पोहोचले तेव्हा बटाट्याच्या रोगाने पडलेल्या दुष्काळाने तो सारा मुलूख उजाड झाला होता. एका इंग्रजाला तेथे परकेपणा वाटणे साहजिक होते. तेथील ग्रीकचे प्राध्यापक रायल यांच्या घरी त्यांची भाची मेरी एव्हरेस्ट आली असता बूल यांची तिच्याशी ओळख झाली. ते तिला गणित शिकवू लागले आणि १८५५ मध्ये त्यांचा विवाह झाला. वयात सतरा वर्षांचे अंतर होते. मेरीचे चुलते म्हणजे हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव शिखराला दिले गेले. पुढे उतारवयात मेरीबाईंनी जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या लेखात असे मांडले की एव्हरेस्ट यांच्यामार्फत हिंदी विचार बूल आदींपर्यंत पोहोचला होता. हे वाचून आपली छाती फुगते खरी. पण बूल यांच्या ग्रंथांत त्याचा म्हणावा असा पुरावा दिसत नाही, म्हणून मी ते एका पत्नीचे मत म्हणूनच येथे नोंदवतो.

१८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांना पाच मुली झाल्या. घर कॉलेजपासून सुमारे तीन मैल. १८६४ च्या नोव्हेंबरअखेरीस ते भर पावसात तेवढे अंतर चालून गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी तास घेतला. ताप आला, तो फुप्फुसांवर गेला. ज्या कारणाने रोग आला त्याच कारणाने तो बरा होतो अशी मेरीबाईंची समजूत असल्यामुळे त्यांनी पतीला ओल्या चादरींत गुंडाळले, असे सांगितले जाते. ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, बूल गेले. धाकटी मुलगी एथेल जेमतेम सात महिन्यांची होती. हीच पुढे १८९७ मध्ये गाजलेली गॅडफ्लाय ही कादंबरी लिहिणारी एथेल व्हॉयनिच. तिसरी मुलगी अॅलिशिया, कॉलेजचे तोंड न पाहता, चार मितींच्या भूमितीत नाव मिळवून गेली. मेरीबाईंनी लंडनला ग्रंथपालाची नोकरी करून मुलींना वाढवले आणि मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली.

बूल यांच्या हयातीत या बीजगणिताचा व्यवहारात काही उपयोग झाला नाही. क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ते मिशिगन विद्यापीठात ऐकले होते, आणि तेही तर्कशास्त्राच्या तासाला! (आपल्या शाखेने ही गोष्ट विज्ञान शाखेला जरूर ऐकवावी.) १९३७ मध्ये त्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की विजेचे खटके एकामागे एक जोडले तर आणि होते, शेजारी शेजारी जोडले तर किंवा होते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहितीचा साठा ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत मांडून त्यातून निवड कशी करावी याची पद्धत घालून दिली. दुकानातला माझा फिल्टर या दोघांच्या वाटेने आला आहे.

मात्र एके ठिकाणी संगणकातली नोंद बूल यांच्या जगापेक्षा वेगळी आहे. बूल यांच्याकडे वस्तू क्ष असते किंवा नसते. दोन्ही मिळून १, म्हणजे सगळे जग. पण रकाना रिकामाच असला तर? यंदा एका शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला होता. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. उत्पन्नाचा दाखला मिळायला उशीर झाला, आणि तो मागाहून देण्याच्या बोलीवर अर्ज घेतला गेला. पात्र उमेदवारांची यादी लागली, तिच्यात माझे नाव नव्हते. अपात्रांची लागली, तिच्यातही नव्हते. मित्र म्हणाले की अर्जच हरवला. वडिलांनी त्या दिवशी कामावर खाडा केला आणि आम्ही दोघे जाऊन खिडकीशी उभे राहिलो.

मी खिडकीतल्या बाईंना विचारले की उत्पन्नाच्या रकान्यात माझ्यापुढे काय आहे. त्यांनी पाहिले. काहीच नव्हते. मर्यादेपेक्षा कमी अशी अट लावून एक यादी काढली होती, मर्यादेपेक्षा जास्त अशी लावून दुसरी. रिकामा रकाना कमीही नसतो आणि जास्तही नसतो. मी विनंती केल्यावर बाईंनी रिकामे तेवढे निवडले, तेव्हा माझ्यासकट सात नावे वर आली. बाकीचे सहाजण कोण ते मला ठाऊक नाही. बाईंनी त्यांना फोन करते म्हणून सांगितले आणि समोरच बसून पहिला नंबर फिरवला. वडिलांनी पिशवीतून दाखला काढून खिडकीत सरकवला.